घरातील माशांची काचपेटी आणि हवेतील ओल

बाहेर वैशाखाचे ऊन तापत असताना ओलसर हवेविषयी बोलावयास उभे राहणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु घर शाकारून घेण्याची आपली रीत चैत्र-वैशाखातच आहे. पाऊस कोसळू लागल्यावर कौलांवर कोणी चढत नाही. त्याच न्यायाने आजचा हा विषय आम्ही उन्हाळ्यातच मांडीत आहोत.

प्रसंग अनेक घरांच्या ओळखीचा आहे. मुलाच्या हट्टाखातर, किंवा घरातील कर्त्या माणसाच्या हौसेखातर, बैठकीच्या खोलीत माशांची मोठी काचपेटी येते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. हिवाळाभर आल्यागेल्याचे कौतुक होते. मग जुलै महिन्यात पेटीमागच्या भिंतीचा रंग फुगतो, पुस्तकांच्या कपाटाला कुबट वास येऊ लागतो, आजोबांचा दमा बळावतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "हे सारे त्या पेटीचे प्रताप आहेत, ती आजच काढा." दुसरा म्हणतो, "पावसाळ्यात ओल यायचीच, पेटीचा काय दोष?" आमच्या मते दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. दोघांनीही मोजदाद केलेली नसते, एवढीच त्यांच्यातील उणीव. ती मोजदाद कशी करावी आणि तीवरून कोणता उपाय योजावा, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम पाणी पेटीतून जाते कसे ते पाहू. उन्हाळ्यात आपण माठ वापरतो. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या हिशेबाने ती दोन-तृतीयांश युनिटाहून किंचित अधिक भरते. काचपेटीचा उघडा पृष्ठभाग हेच काम रात्रंदिवस करीत असतो. पाणी उकळावे लागत नाही; कोणत्याही तपमानाला ते थोडेथोडे उडतच असते. किती वेगाने उडेल, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, त्यावरून वाहणारा वारा, आणि पाण्यालगतच्या संपृक्त हवेतील बाष्पाचा दाब व खोलीतील बाष्पाचा दाब यांतील फरक. शेवटचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडला आणि आजही पोहण्याच्या तलावांच्या इमारती बांधणारे अभियंते त्याच पायावर हिशेब करतात.

आता आपल्या पेटीचा हिशेब करू. सहा बाय दोन, म्हणजे बारा चौरस फूट पृष्ठभाग, सुमारे १.१ चौरस मीटर. पेटीत पाणी ६८० लिटरच्या आसपास. पाणी २६ अंश सेल्सिअस, खोली २४ अंश आणि खोलीची आर्द्रता निम्मी, म्हणजे ५० टक्के असेल, तर अशा शांत पृष्ठभागावरून दिवसाला तीन ते साडेतीन लिटर पाणी उडते. वर पंखा चालू असेल किंवा पाणी खळखळत असेल, तर आकडा याहून बराच चढतो. हिशेबावर विश्वास नसेल त्याने स्वतः मोजावे. पेटीच्या काचेवर बाहेरून मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवावी आणि चोवीस तासांनी पाण्याची पातळी पाहावी. या आकाराच्या पेटीत पातळी एक मिलिमीटर उतरली म्हणजे १.१ लिटर पाणी हवेत गेले. तीन मिलिमीटर उतरणे डोळ्यांना जाणवतही नाही. पण ते सव्वातीन लिटर झाले. पेटी लहान-मोठी असेल तर लांबी आणि रुंदी मीटरमध्ये गुणावी. जो आकडा येईल तितके लिटर दर मिलिमीटरला.

तीन लिटर म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. बादलीभरही पाणी नाही. परंतु हवेचे पोट केवढे ते ठाऊक असले पाहिजे. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली घेतली तर तीत सुमारे ५१ घनमीटर हवा मावते. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प सामावून घेते. म्हणजे साऱ्या खोलीची हवा तुडुंब भरली तरी तीत पाणी जेमतेम सव्वा लिटरच्या आत! ५० टक्के आर्द्रतेच्या वेळी त्यातील निम्मे आधीच भरलेले असते. उरलेल्या सहाशे ग्रॅमांना आपली पेटी चार-साडेचार तासांत पुरी पडेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. कारण हवा दमट होत जाते तसा उडण्याचा वेग मंदावतो, भिंती, गाद्या व पुस्तके काही ओल पिऊन घेतात, आणि दाराखिडक्यांच्या फटींतून हवा बदलत असते. परंतु 'पुस्तके ओल पिऊन घेतात' हेच तर आपले दुखणे आहे.

हवा बदलण्याला किती महत्त्व आहे पाहा. दारेखिडक्या लावलेल्या खोलीत तासाला निम्मी हवा बदलते असे धरले, तर आपली पेटी आर्द्रता सुमारे २४ टक्क्यांनी वाढवील. बाहेरची हवा ४० टक्क्यांची असली तरी आत ६४ होतील. तासाला एकदा सगळी हवा बदलली तर वाढ १२ टक्क्यांची, दोनदा बदलली तर सहाची. म्हणजे कोरड्या ऋतूत समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडणे हा सर्वांत स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे. दख्खनच्या पठारावर नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत बहुतेक दिवस पेटीची ओल ही अडचण नसून सोयच असते. विदर्भात ज्या कारणासाठी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारतात, तेच काम पेटी अल्प प्रमाणात करते.

मग पावसाळ्यात काय होते? येथे पुष्कळांची फसगत होते. पावसाळ्यात बाहेरची हवा २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची असली, तर तिच्या प्रत्येक घनमीटरात आधीच २२ ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. खिडकी उघडून आपण हीच हवा आत घेतो. उघडी खिडकी खोलीला बाहेरच्यापेक्षा अधिक दमट होऊ देणार नाही, पण बाहेरच्यापेक्षा कोरडीही करू शकणार नाही. तेव्हा "पेटीचा काय दोष?" म्हणणाऱ्या पक्षाचे येथे थोडे खरे आहे. एवढेच नव्हे, तर अशा हवेत पेटीतून पाणीही कमी उडते. पाणी खोलीइतक्याच तपमानाचे असेल तर कोरड्या दिवसांच्या मानाने वेग पाव हिश्श्यावर येतो. पण हा पाव हिस्सा अगोदरच भरलेल्या भांड्यात पडतो, हे विसरू नये. भिंतीचा पृष्ठभाग दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर दमट राहिला की त्यावर बुरशी धरू लागते. जी खोली एरवी ७८ वर थांबली असती, ती पेटीमुळे ८४ वर गेली, तर वाढ थोडी दिसते, परिणाम मात्र थोडा नसतो.

हा परिणाम केवळ रंगाचा आणि वासाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाच्या तक्रारी व दमा अधिक आढळतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. शिवाय गाद्यांतील धूळकिड्यांना दमट हवा मानवते. म्हणून शक्य तेथे घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवावी, असा सल्ला दिला जातो. कोकणपट्टीत भर पावसाळ्यात उघड्या घरात हे साधणार नाही, हे उघड आहे. पण निदान आपण होऊन भर घालू नये.

घरातील आर्द्रता ओळखावी कशी? पापड सादळले, दारे फुगून अडकू लागली, या खुणा आपल्या आजीला ठाऊक होत्या. त्यांतील एक खूण तर शास्त्राच्या कसोटीस उतरणारी आहे: मीठ. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून पाझरू लागते. जाड्या मिठात इतर क्षार मिसळलेले असल्याने ते याहून लवकर ओलावते. आज बाजारात आर्द्रतामापके स्वस्त मिळतात, पण ती पाच-दहा टक्क्यांनी चुकीचीही असू शकतात. त्यांची परीक्षाही मीठच करून देते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यावे, थोडेच थेंब पाणी घालून ते ओले करावे, विरघळवू नये. हे झाकण आणि मापक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद करावी आणि रात्रभर ठेवावी. सकाळी मापकाने ७५ दाखविले पाहिजेत. ७० दाखविले तर ते पाच टक्के कमी सांगते असे समजून चालावे. मग मापक एक आठवडा पेटीच्या खोलीत आणि एक आठवडा शेजारच्या खोलीत, तशाच हवामानात, ठेवून पाहावे. दोन्ही खोल्यांत फरक नसेल, तर ओल भिंतीतून, गच्चीतून किंवा नळातून येत आहे आणि माशांवर विनाकारण आळ आला आहे. फरक असेल, तर पुढील उपाय करावे.

पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे झाकण. गंमत अशी, की काचपेटीचा जन्मच बंद काचेतून झाला आहे. लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांना १८३० च्या सुमारास असे आढळले, की बंद काचपात्रातील मातीत उगवलेले नेचे पाणी न घालताही जगते. कारण दिवसा उडालेले पाणी काचेवर जमून पुन्हा मातीत उतरते. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली पाण्यातील वनस्पती आणि मासे यांचा परस्परांना आधार कसा होतो ते दाखविले, आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकाने 'अॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले आणि त्यानंतर कित्येकांच्या घरी ही हौस पोचली. सांगण्याचा मुद्दा हा, की उडालेले पाणी काचेवर अडवून परत खाली आणणे ही युक्ती या छंदाइतकीच जुनी आहे.

झाकण पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे, दोन तुकड्यांचे आणि सरकते असावे. ते पेटीच्या काठावर न ठेवता काठाच्या किंचित आत, चिकटविलेल्या पट्ट्यांवर टेकवावे. म्हणजे खालच्या बाजूस जमलेले थेंब पेटीतच पडतात, बाहेरच्या लाकडावर ओघळत नाहीत. ॲक्रिलिकचा पत्रा घेऊ नये. तो एका बाजूने ओल शोषून काही दिवसांत वाकतो. मागच्या कोपऱ्यात नळ्या व तारांपुरती फट ठेवावी. खाली कपाटात गाळणीची दुसरी टाकी असेल, तर तीही झाकावी. पुष्कळ लोक वरची पेटी झाकतात आणि खालची, जेथे पाणी धबधब्यासारखे पडते, ती उघडीच ठेवतात. झाकण बसविल्यावर कागदी पट्टीवरील उतार पुन्हा मोजावा. पहिल्याच आठवड्यात फरक दिसेल.

"झाकल्यावर मासे गुदमरणार नाहीत का?" ही शंका रास्त आहे, म्हणून तिचाही हिशेब देतो. हवेचा साधा पंप मिनिटाला तीन लिटर हवा पाण्यात सोडतो असे धरा. ती तासाला १८० लिटर झाली आणि तीत प्राणवायू पन्नास ग्रॅमच्या आसपास. एक किलो वजनाचे मासे तासाला एक ग्रॅमहूनही कमी प्राणवायू वापरतात. शिवाय हीच हवा मागच्या फटीतून बाहेर पडत असल्याने झाकणाखालची हवा सतत नवी राहते. आणि ही हवा जाताना किती ओल बाहेर नेते? दिवसाकाठी पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे अर्धा कपसुद्धा नाही. बुडबुड्यांमुळे घर ओले होते हा समज त्यामुळे सोडून द्यावा. घर ओले होते ते उघड्या पृष्ठभागामुळे.

दुसरा उपाय पाण्याच्या तपमानाचा. पाणी तापविण्याची कांडी पुष्कळदा गरजेपेक्षा वर लावलेली असते. २४ अंशांच्या, निम्म्या आर्द्रतेच्या खोलीत पाणी २८ वरून २५ वर आणले, तर उडणारे पाणी सुमारे पाव हिश्श्याने घटते. अर्थात आपल्या माशांना काय मानवते ते पाहूनच हे करावे. सोनमाशांना तर कांडीची गरज नसतेच.

तिसरा उपाय जागेचा. पेटी बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पावसाची झोड घेणाऱ्या भिंतीला, चिकटवून ठेवू नये. मागे निदान चार इंच मोकळी जागा सोडावी म्हणजे हवा खेळती राहील. पुस्तकांचे कपाट त्याच भिंतीला नको.

एवढे करूनही आर्द्रता उतरत नसेल, तरच यंत्राकडे वळावे. वातानुकूलन यंत्र हवा थंड करताना तिच्यातील पाणीही काढते; ते चालू असताना खिडक्या बंद हव्यात. मात्र खोलीच्या मानाने फार मोठे यंत्र बसविले तर ते खोली झटकन थंड करून थांबते आणि पाणी काढावयास त्याला अवधीच मिळत नाही. ओल शोषणारे यंत्र वेगळे मिळते. परंतु त्याच्यावर लिहिलेली 'दिवसाला इतके लिटर' ही क्षमता बहुधा ३० अंश व ८० टक्के अशा भरपूर दमट हवेतील असते. हवा कोरडी होत जाईल तसे ते कमी पाणी काढते, आणि काढलेल्या पाण्याची उष्णता खोलीतच सोडते. कपाटात ठेवावयाच्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या कपाटापुरत्या ठीक. त्यांत काहीशे मिलिलिटर पाणी मावते. दिवसाला तीन लिटर सोडणाऱ्या पेटीपुढे त्या म्हणजे ओढ्याला ओंजळ लावण्यासारखे आहे. उघड्या पेटीचे तीन लिटर एकीकडे वीज खर्चून उडवावयाचे आणि दुसरीकडे वीज खर्चून गोळा करावयाचे, यापेक्षा एक काच परवडते.

आता झाकणाची दुसरी बाजू. पाणी उडणे थांबले की माठाचा गुणही थांबतो. एप्रिल-मे महिन्यांत झाकलेल्या पेटीतले पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.६. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात झाकण सरकवून वर जाळी घालावी व वारा लागू द्यावा. मृग लागला की काच पुन्हा ओढावी. झाकण सरकते हवे ते यासाठीच. खाऱ्या पाण्याच्या पेटीत आणखी एक धोका आहे. उडते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते. आठवड्यात २३ लिटर उडाले आणि भरले नाही, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेला क्षार ३६ च्या वर जातो. म्हणून उडालेल्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करावी. गोड्या पाण्याच्या पेटीतही नुसती भर घालीत राहिल्याने क्षार साचतात; अधूनमधून काही पाणी काढून नवे घालणे अवश्य आहे.

एक उलटा प्रकारही सांगून ठेवतो. काही हौशी मंडळी यंत्राने पाणी थंड ठेवतात. पावसाळ्यात २७ अंश व ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या थोडा वर असतो. पेटी त्याहून थंड असली की तिच्या काचेवर बाहेरून दव जमते आणि पेटी गळते आहे अशा भीतीने घरात धावपळ होते. अशा वेळी पेटी खोलीला ओल देत नसते, उलट खोलीतली ओल काचेवर गोळा होत असते. जमिनीवर ओघळणारे पाणी पुसावे, विजेच्या तारा उंच धराव्यात, पेटी बदलण्याची घाई करू नये.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींचा प्रश्न निराळा आहे. शिकागो किंवा टोरांटोच्या हिवाळ्यात उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे अडीच ग्रॅमही बाष्प नसते. तेथे थोडी हवा बदलली तरी घर कोरडे होते. पण खिडकीची काच थंडगार असते. खोली २१ अंश व ५० टक्के असेल तर दवबिंदू १० अंशांच्या आसपास येतो, आणि साध्या दुहेरी काचेचा आतला पृष्ठभागही तेवढाच उतरतो. मग काचा घामेजतात, चौकटी कुजतात. तेथे कडक थंडीत आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांवर ठेवावी लागते आणि मोठी पेटी झाकल्यावाचून ते जमत नाही.

तेव्हा क्रम असा: आधी मोजा, मग झाका, मग तपमान व जागा पाहा, आणि यंत्र शेवटी. दोन पक्ष पडलेल्या त्या घराला आम्ही एवढेच सुचवू, की जुलै महिन्यात भांडण्याऐवजी मे महिन्यात काचेवर कागदी पट्टी चिकटवावी. ती मोजण्याचे काम ज्याच्या हट्टाने पेटी आली त्या मुलाकडे द्यावे आणि आकडे वहीत उतरवून घेण्याचे काम आजोबांकडे. मृगाच्या आत काच बसवावी. पावसाळा संपेपर्यंत वहीतले आकडे आणि आजोबांचा श्वास, दोन्ही पाहावे. एवढे करूनही त्यांना त्रास होत असेल, तर पेटी लहान करावी किंवा दुसऱ्या घरी द्यावी, आणि ते मुलालाही पटेल. कारण हिशेब त्यानेच केलेला असेल.